लाल शाईची रेघ

परवा नातवाशी चांगलीच जुंपली. विषय घरातला नव्हता, दुसऱ्या महायुद्धाचा होता! त्याचं म्हणणं, युद्ध अमेरिकेनं जिंकलं. मी जन्मभर इतिहास शिकवलेला. म्हटलं, छे, रशियानं! चहा निवून गेला तरी आमचं चालूच.

आकडे तसे माझ्या बाजूचे. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. जर्मन सैन्याची सर्वाधिक हानीही पूर्व आघाडीवरच झाली. पण स्टालिनग्राडनंतर पश्चिमेकडे सरकणाऱ्या लाल सेनेच्या दिमतीला अमेरिकेनं पाठवलेल्या लाखो मोटारगाड्या होत्या, हेही खरंच. आणि जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटननं हिटलरशी तह केला असता तर? चीन तर १९३७ पासून जपानशी झुंजत होता, लाखो जपानी सैनिकांना अडकवून ठेवत होता. कोणी रक्त दिलं, कोणी पोलाद, कोणी वेळ. एकाच तराजूत हे तोलायचं कसं?

मग एक जनमत चाचणी आठवली. जर्मनीच्या पराभवात सर्वांत मोठा वाटा कोणाचा, असं फ्रान्समध्ये मे १९४५ मध्ये विचारलं होतं. ५७ टक्के लोक म्हणाले सोव्हिएत संघाचा, २० टक्के अमेरिकेचा. हाच प्रश्न २००४ मध्ये विचारला, तर ५८ टक्के म्हणाले अमेरिकेचा आणि २० टक्के सोव्हिएत संघाचा! इतिहास तोच, उत्तर उलटं. मधल्या काळात शीतयुद्ध झालं आणि हॉलिवूडचे चित्रपट आले.

फ्रेंचांना हसत होतो, तेवढ्यात मनात आलं, आपलं काय वेगळं? १९७१ साली भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला तेव्हा मी ऐन तरुण होतो. त्या युद्धात रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला. माझ्या तासाला रशियाचं पारडं जड व्हायचं ते केवळ आकड्यांमुळे नव्हे.

आणि मग ती उत्तरपत्रिका आठवली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. 'जर्मनीच्या पराभवातील मित्रराष्ट्रांचा वाटा सांगा' या प्रश्नाच्या उत्तरात एका मुलानं शेवटी लिहिलं होतं, 'भारताचाही वाटा होता. माझे आजोबा इटलीत लढले.' पाठ्यपुस्तकात नाही म्हणून मी त्यावर लाल रेघ मारली.

वास्तविक २५ लाखांवर भारतीय त्या सैन्यात होते. सुमारे ८७ हजार परतले नाहीत. १९३९ मध्ये व्हाइसरॉयनं आपल्याला न विचारताच युद्धात ओढलं, हे मी मुलांना तावातावानं सांगायचो. गेलेल्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही. इटलीतच मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी प्राण दिले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना उचलून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतामुळे युद्ध जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलानंही तसं कुठं लिहिलं होतं? 'भारताचाही' एवढंच तर लिहिलं होतं.

आज तो पन्नाशी ओलांडलेला असेल. बाळा, हे वाचत असलास, तर ते दोन गुण तुझे.