दोन डब्यांमधली जागा

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला रेल्वे नाही. संत सेवालाल महाराजांच्या समाधीला आज मोटारींनी येणाऱ्या बंजारा समाजाचे पूर्वज एके काळी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून दख्खनभर हिंडत. मोगलांच्या आणि पुढे वेलस्लीच्या फौजेला रसद पुरवणारेही तेच. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला आणि वऱ्हाडातली तांड्यांची वाहतूक खचत गेली, असे आम्ही वर्गात सांगत आलो. ते खरेच आहे. पण त्या वाक्यात रूळ असतात, इंजिन असते, डब्याला डबा जोडणारी वस्तू मात्र कधी नसते.

तांड्याला जोडणी लागत नसे. एक बैल लंगडला तर त्याच्या गोण्या दुसऱ्यावर जात आणि तांडा पुढे निघे. गाडीचे सारे ओझे मात्र एकेका कडीवर तोललेले. इंग्रजी पद्धतीच्या स्क्रू कपलिंगमध्ये माणसाने दोन्ही बफरांच्या मधे शिरायचे, जड कडी उचलून समोरच्या आकड्यात अडकवायची आणि मळसूत्र पिळून ती ताणायची.

अमेरिकेतही जोडणीच्या कामात असंख्य हात आणि जीव गेले. १८७३ साली एलाय जॅनी या कापडदुकानातल्या कारकुनाने वाकवलेल्या बोटांसारख्या कपलरचे पेटंट घेतले. डबे एकमेकांवर येताच ही बोटे आपोआप गुंतत. पिट्सबर्गच्या मॅकॉनवे अँड टॉर्ले कारखान्याने ते ओतून विकायला काढले. तरीही असे कपलर सर्व रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा यायला १८९३ उजाडले. जीव वाचवणारे यंत्र तयार असून वीस वर्षे अडले, ते खर्चापायी, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे मूर्तिजापूरला तर जोडणीच अशक्य होती. यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे येणारी शकुंतला अडीच फुटी रुळांवरची, मुख्य मार्ग साडेपाच फुटी. त्यामुळे कापसाच्या गाठी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायच्या त्या हमालांच्या पाठीवरून. बैलाच्या पाठीवरचे ओझे तिथे माणसाच्या पाठीवर आले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शकुंतला आता थांबली आहे. दिग्रसमार्गे जाणाऱ्या वर्धा–नांदेड ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा–कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. तो पुरा झाला की पोहरादेवीच्या वाटेवर रेल्वे येईल. मालडब्यांना जॅनीच्याच कुळातले मध्यवर्ती कपलर बसून कित्येक दशके झाली, नव्या एलएचबी प्रवासी डब्यांनाही तेच असतात. तरी ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर इंजिन सोडवायला उतरलेला एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. तो डबाही एलएचबीच होता.