चार कलमांचा कायदा आणि व्हेनिसची परिषद

करोनात आपण सगळ्यांनी ज्या कायद्याचा धाक अनुभवला, तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७चा. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चाटच पडलो. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा! सरकारला अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. आजारी माणसाला उपचार मिळायला हवेत, असं त्यात कुठेच नाही.

एवढी घाई कसली होती? सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला आणि युरोपला स्वतःच्या बंदरांची धास्ती पडली. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जहाजं, माल, हजचे यात्रेकरू, सगळ्यांवर नियम ठरले. इकडे पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घराघरात शिरत होते. परिणाम काय? लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या गोळ्या आपल्याला शाळेत शिकवतात. व्हेनिसचं नाव मात्र कुणी घेत नाही.

आज जिला जैवसुरक्षा म्हणतात, तिची सुरुवात ही अशी, बंदर आणि व्यापार वाचवण्यापासून. रोगी तिच्या लेखी फक्त धोका होता.

हे बदलायला खूप वर्षं लागली. १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमात आरोग्याचा हक्क आला, आणि साथी रोखणं व त्यांवर उपचार करणं हे त्याच कलमात घातलं गेलं. म्हणजे साथ आवरणं हा हक्काचाच भाग झाला. भारतानं १९७९मध्ये हा करार स्वीकारला. १९८४च्या सिराक्युझा तत्त्वांनी सांगितलं, बंधनं घाला, पण गरजेपुरती आणि पुराव्यावर.

कागदावर ठीक. १९९४मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि कित्येक देशांनी भारताची विमानं, माल अडवला. त्यानंतर २००५च्या आरोग्य नियमावलीत मानवी हक्क आले, प्रवास-व्यापार विनाकारण अडवू नका असंही आलं. तरी नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेनं ओमिक्रॉनची खबर प्रामाणिकपणे दिली, आणि बक्षीस काय, तर विमानबंदी! पुढच्या वेळी कोण सांगेल? पुण्यातल्या घरांनी रोगी लपवले, तसे देशही लपवतील.

मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत महामारी करार मंजूर झाला. विषाणूचा नमुना देणाऱ्याला लशीत वाटा किती, हा प्रश्न मात्र तेव्हा वेगळ्या जोडपत्रावर ढकलला गेला.