गॅरंटी दहा वर्षांची, पण कंपनी किती वर्षांची? ब्रिटनच्या डबल ग्लेझिंगची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' बरेच काढलेत, काही राहिलेत.)

आजचा विषय खिडक्या. हो, घराच्याच, कॉम्प्युटरमधल्या नाही.

ब्रिटनमध्ये 'डबल ग्लेझिंग सेल्समन' ही जवळजवळ शिवी आहे. आपल्याकडे विमा एजंट येताना दिसला की लोक दिवा मालवून 'घरात कुणी नाही' असं नाटक करायचे, तसंच, पण त्याहून चार पट वाईट. मी इथे भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे खिडक्या बदलणं माझ्या डोक्याला नाही. पण आमच्या मराठी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी घर घेतलं की पहिल्या थंडीत मेसेज ठरलेला: 'अरे, खिडक्या कोणाकडून बसवल्यात? चांगली कंपनी सांगा ना.' मग पाच जण पाच नावं सांगतात, आणि सहावा म्हणतो, 'ती कंपनी तर बुडाली.'

या सहाव्या माणसाच्या वाक्यात सगळा इतिहास आहे. तोच आज बघू.

आधी वस्तू समजून घेऊ. डबल ग्लेझिंग म्हणजे दोन काचा, मध्ये साधारण 16 मिलिमीटरची फट, कडेनं पट्टी लावून सगळं हवाबंद. त्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात, फटीत बहुतेक वेळा आर्गॉन वायू भरतात. कल्पना जुनी आहे. थॉमस स्टेटसन नावाच्या अमेरिकन माणसानं 1865 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. पण पेटंट असणं आणि लाखो घरांत वस्तू बसणं यात फार अंतर असतं, हे आपल्या क्षेत्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

अंतर कमी झालं ते काच स्वस्त आणि सपाट झाल्यावर. त्याआधी चांगली सपाट काच हवी तर ती ओतायची, मग दोन्ही बाजूंनी घासायची आणि पॉलिश करायची. खर्चिक काम. इंग्लंडच्या सेंट हेलेन्स गावात पिल्किंग्टन कंपनीत अ‍ॅलास्टर पिल्किंग्टन नावाचा इंजिनिअर होता. आडनाव तेच, पण मालकांच्या घराण्यातला नाही. 1952 मध्ये त्याच्या डोक्यात आलं की वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगत ठेवली तर? पाण्यावर तेल पसरतं तशी ती आपोआप सपाट होईल. आयडिया सुंदर, पण प्रॉडक्शनमध्ये चालेना. सात वर्षं गेली, सुमारे 70 लाख पौंड गेले. मोठा प्लँट सुरू केल्यावर सलग 14 महिने विकण्याजोगी काचच निघाली नाही, सगळा माल फोडून टाकला. तरी संचालक मंडळानं प्रोजेक्ट बंद केला नाही. 1959 मध्ये कंपनीनं 'फ्लोट ग्लास' जाहीर केली आणि आज जगातली जवळपास सगळी खिडकीची काच त्याच पद्धतीनं बनते. आपल्या मॅनेजरांना हा परिच्छेद ऐकवा.

असो. काच स्वस्त झाली आणि लगेच तिच्याभोवती विकणाऱ्या कंपन्या उगवल्या. एव्हरेस्ट 1965 ची, नॉर्विचची अँग्लियन 1966 ची. तेव्हा ब्रिटिश घरांमध्ये सेंट्रल हीटिंग येत होतं. व्हिक्टोरियन काळातली विटांची घरं, लाकडी चौकटी, एकेरी काच. म्हणजे पैसे देऊन गरम केलेली हवा फटींतून बाहेर. 1973 च्या तेलसंकटानंतर तर इंधनाचं बिल हा घराघरातला विषय झाला. सुरुवातीला बरेच जण जुन्या खिडकीच्या आतून अ‍ॅल्युमिनियमची दुसरी खिडकी लावायचे. पुढे जर्मनीत तयार झालेल्या पीव्हीसी चौकटी आल्या, आणि जुनी खिडकी उखडून नवी बसवणं हा मोठा धंदा झाला.

आता या धंद्याची गंमत बघा. गिऱ्हाईक ही वस्तू वीस-पंचवीस वर्षांत एकदा घेतं. त्यामुळे त्याला अनुभव शून्य. वस्तू मापानुसार बनते, म्हणून दुकानात हात लावून घेता येत नाही. आणि खिडकी नीट बसलीय की नाही हे पहिल्या दिवशी कळतच नाही, ते कळतं तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात. म्हणजे विकणाऱ्याला सगळं माहीत, घेणाऱ्याला काहीच नाही. अशा ठिकाणी वस्तू विकली जात नाही, भरवसा विकला जातो.

एव्हरेस्टनं तो कसा विकला? 1980 च्या दशकातली त्यांची एक टीव्ही जाहिरात ब्रिटनमधल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा. टॅन हिल इन हा ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब, 1,732 फुटांवर, उघड्या माळावर. बाहेर वारा घोंघावतोय. आत टेड मोल्ट उभा. हा मूळचा शेतकरी, रेडिओ-टीव्हीमुळे घरोघरी ओळखीचा झालेला. तो खिडकीजवळ एक पीस सोडतो. पीस जराही न हलता सरळ खाली येतं. बस्स. ना आकडे, ना यू-व्हॅल्यू. मला विचाराल तर प्रॉडक्ट डेमो असावा तर असा. जाहिरातीचा सूर असा होता की हे काम आयुष्यात एकदाच करायचं, मग उत्तमच करा. हे 'एकदाच' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पीस टीव्हीवर पडायचं, पण ऑर्डर घरातल्या सोफ्यावर मिळायची. सेल्समन संध्याकाळी यायचा, नवरा-बायको दोघं घरी असतील अशीच वेळ मागायचा, आणि तासन्‌तास बसायचा. आधी डोळे पांढरे होतील अशी किंमत. मग 'थांबा, साहेबांना फोन करून बघतो.' मग निम्मी किंमत, पण सही आजच झाली तर. तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या लक्ष्मी रोडवर साडी घेताना पण होतं. होतं ना, पण तिथून उठून चालायला लागता येतं. इथे दुकानदारच तुमच्या दिवाणखान्यात बसलेला असतो.

शेवटी कायद्याला यात पडावं लागलं. 2008 च्या नियमांत ग्राहकाशी कधीच करू नयेत अशा गोष्टींची यादी आली, आणि ती वाचताना हसू येतं, कारण ओळीओळीला तो सोफ्यावरचा माणूस दिसतो. 'ही किंमत आजपुरतीच' असं खोटं सांगून घाई करणं बंद. घरातून जा म्हटल्यावरही बसून राहणं बंद. 'तुम्ही घेतलं नाहीत तर माझी नोकरी जाईल' असं सांगणंसुद्धा बंद! विचार करा, हे किती वेळा घडलं असेल, म्हणून ते कायद्यात लिहावं लागलं. आता हे नियम 2024 च्या नव्या ग्राहक कायद्यात गेलेत. म्हणजे कोट देणारा 'आज रात्रीपर्यंतच' म्हणाला, तर घासाघीस करत बसू नका, ती कंपनी यादीतून काढून टाका. उद्या सकाळी टिकत नाही तो भाव खरा नव्हताच.

एक बारीक गोष्ट, कारण ग्रुपवर यावर दर वेळी चुकीचं सांगितलं जातं. घरी येऊन केलेल्या करारात मन बदललं तर 14 दिवसांत रद्द करता येतं, हे खरं. पण खास तुमच्या मापानं बनवलेल्या वस्तूंना त्यातून वगळलंय, आणि खिडकी मापाचीच असते. म्हणून '14 दिवस आहेतच' या भरवशावर सही करू नका. रद्द करायची अट काय आहे ते करारात लिहून घ्या.

पुढचा टप्पा 2002. तोपर्यंत जुन्या खिडकीच्या जागी नवी बसवताना उष्णतेचा हिशोब सरकार विचारत नव्हतं. 1 एप्रिल 2002 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये बदललेल्या खिडक्याही बांधकामाच्या नियमांत आल्या. आता प्रत्येक खिडकीमागे कौन्सिलचा माणूस कुठून आणणार? म्हणून फेन्सा ही योजना आली. नोंदणी झालेली कंपनी स्वतःच सांगते की काम नियमात बसतं, कौन्सिलला कळवलं जातं, तुम्हाला सर्टिफिकेट मिळतं. सर्टास ही तशीच आणखी एक योजना.

हे सर्टिफिकेट जपून ठेवा. घर विकताना समोरचा वकील ते मागतोच. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. काम नियमांनुसार झालंय असं बसवणाऱ्यानं जाहीर केलं, एवढंच ते सांगतं. तपासणी होते, पण निवडक कामांची. तुमच्या खिडकीचं सिलिकॉन कुणी कसं भरलं ते त्या कागदाला माहीत नसतं. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, हा कोड कंपाइल होतो याचा दाखला आहे, बग नसल्याचा नाही.

नियम मात्र कडक होत गेले, आणि ते चांगलंच झालं. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते. एकेरी काचेचा आकडा साधारण 5. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून बदललेल्या खिडकीला 1.4 किंवा ऊर्जेचा 'बी' बँड लागतो. दोन चौरस मीटरची खिडकी घ्या, आत 20 अंश, बाहेर शून्य. एकेरी काच 200 वॅट घालवते, नवी खिडकी 56. कोट घेताना इथेही एक खाच असते. काही जण नुसत्या काचेच्या मधल्या भागाचा आकडा सांगतात, तो छान दिसतो. तुम्ही चौकटीसकट पूर्ण खिडकीचा मागा, आणि सगळ्या कंपन्यांचा तोच घेऊन तुलना करा.

आता येऊ त्या सहाव्या मित्राकडे. 'ती कंपनी तर बुडाली.'

2020 च्या जूनमध्ये एव्हरेस्ट, हो तीच पीसवाली, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धंदा त्याच वेळी एका नव्या कंपनीनं घेतला, नाव चालू राहिलं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॅडफर्डची सेफस्टाइल गेली, तीही देशातल्या मोठ्यांपैकी. आणि 2024 मध्ये एव्हरेस्ट पुन्हा गेली, तेव्हा तिचं नाव विकत घेतलं तिच्या जुन्या स्पर्धकानं, अँग्लियननं.

यात गिऱ्हाइकानं बघायची गोष्ट ही की नाव आणि कंपनी एक नसतात. नव्या कंपनीनं जुनीचं नाव, फोन नंबर, गाड्या विकत घेतल्या तरी जुनीची देणी आपोआप तिच्या गळ्यात पडत नाहीत. आणि तुमची गॅरंटी हे जुन्या कंपनीचं देणं असतं. ब्रँड 1965 चा, पण तुमच्या करारावर सही करणारी कंपनी 2020 ची, असं अगदी कायदेशीरपणे होऊ शकतं. 'पन्नास वर्षांचा अनुभव' हे वाक्य तेव्हाही ब्रोशरवर राहतं.

म्हणून मित्र कंपनीचं नाव विचारतात तेव्हा मी कंपनीज हाउसची वेबसाइट उघडायला सांगतो. ब्रिटनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीची माहिती तिथे फुकट दिसते. करारावरचा कंपनी नंबर टाका, गाडीवरचं नाव नको. स्थापनेची तारीख, हिशोब वेळेवर भरलेत का, डायरेक्टरांच्या आधीच्या कंपन्यांचं काय झालं. दहा मिनिटांचं काम, आणि मला तर यात गिटची हिस्टरी वाचल्याची मजा येते. दहा वर्षांची गॅरंटी देणारी कंपनी स्वतः दोन वर्षांची असेल, तर ती वाईटच असते असं नाही. पण गॅरंटी कुणाच्या जिवावर आहे हा प्रश्न मग विचारायलाच लागतो.

त्याचं उत्तर म्हणजे विम्याचं पाठबळ असलेली गॅरंटी. कंपनी बंद पडली तर विमा कंपनी ती पाळते. फेन्साच्या सभासदांना ती द्यावीच लागते. पण काम झाल्यावर विमा कंपनीचा वेगळा कागद तुमच्या नावानं आला पाहिजे. सेल्समननं तोंडी सांगितलेलं किंवा कोटाच्या खाली छापलेलं म्हणजे पॉलिसी नव्हे. अनेकांच्या हे कंपनी गेल्यावर लक्षात येतं.

आणि डिपॉझिट. खिडक्या बसण्याआधीच कंपनी गेली तर काय, ही भीती खरी आहे, कारण रक्कम हजारो पौंडांची असते. इथे 1974 चा एक कायदा कामाला येतो. वस्तूची किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंत असेल, आणि तुम्ही त्यातला थोडा भाग जरी थेट कंपनीला क्रेडिट कार्डानं भरला असेल, तर सगळ्या रकमेला कार्ड देणारी बँकही कंपनीइतकीच जबाबदार. डेबिट कार्डाला किंवा बँक ट्रान्सफरला हे लागू नाही. 'ट्रान्सफर केलंत तर पाच टक्के कमी करतो' असं कुणी म्हणालं, तर ते पाच टक्के कशाचे आहेत ते आता तुम्हाला कळलं.

राहिलं ते 'एकदाच'. हवाबंद कड कायम टिकत नाही. वीसेक वर्षांनी, वाईट काम असेल तर त्याआधीच, दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं आणि ते पुसता येत नाही. घाबरून लोक पुन्हा सगळ्या खिडक्यांचे कोट मागवतात. चौकट धड असेल तर त्याची गरज नसते, आतलं काचेचं युनिट तेवढं बदलून मिळतं, गल्लीतला काचवालासुद्धा करून देतो. तीन जणांना बोलवा. 'चौकट चांगली आहे, नुसती काच बदला' असं स्वतःहून सांगणारा भेटला, तर पुढे कधी सगळ्या खिडक्या बदलायच्या झाल्या तर त्याचाच नंबर काढा. आणि थंडीत सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर तक्रार करू नका. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाहीये, म्हणून ते दव आहे.

पुढच्या भागात खिडक्याच, पण मागे जाऊ. 1696 ते 1851 इंग्लंडमध्ये खिडक्या मोजून कर घ्यायचे, आणि लोकांनी त्या विटांनी बुजवल्या. भेटू.