पित्ताम्ले, जीवाणू आणि बृहन्मुंबईची कर्करोग-नोंद

मराठीत 'पित्त' हा शब्द नित्य व्यवहारात ज्या अर्थांनी योजला जातो ते अर्थ आणि शरीररसायनशास्त्रातील पित्त ह्यांत पुष्कळ अंतर आहे. छातीत जळजळ झाली म्हणजे 'पित्त झाले', अंगावर गांधी आल्या म्हणजे 'पित्त उठले' आणि राग अनावर झाला म्हणजे 'पित्त खवळले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ह्यांपैकी पहिल्या विकारास कारण होणारे अम्ल जठरातील असते. यकृतात निर्माण होणारे पित्त किंचित क्षारधर्मी असते. आयुर्वेदाने पाचक, रंजक, साधक, आलोचक व भ्राजक असे पित्ताचे पाच प्रकार मानले आणि 'अम्लपित्त' हा विकार वर्णिला. आधुनिक परिभाषेत 'पित्ताम्ल' ही संज्ञा रूढ झाली तेव्हा तेच दोन शब्द उलट क्रमाने एकत्र आले. परंतु पहिल्या समासाने विकार सांगितला जातो, तर दुसऱ्याने द्रव्य. विकाराचा दोष द्रव्यावर ठेवण्याची वृत्ती मात्र भाषेप्रमाणे शास्त्रातही दीर्घकाळ टिकून राहिली. हा दोष प्रथम पित्तावरून जीवाणूंकडे व पुढे जीवाणूंवरून आहाराकडे कसा सरकत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. आणि त्या इतिहासात मुंबईचा वाटा लक्षणीय आहे.

पित्ताचा पद्धतशीर रासायनिक अभ्यास एकोणिसाव्या शतकात मुख्यतः जर्मनीत झाला. पित्तातील अम्ले ग्लायसीन व टॉरीन ह्या द्रव्यांशी संयोग पावलेली असतात, हे त्या शतकाच्या मध्यास स्ट्रेकर ह्याच्या संशोधनाने स्पष्ट झाले. 'टॉरीन' हे नावच बैलाच्या लॅटिन नावावरून आलेले आहे, कारण ते प्रथम बैलाच्या पित्तात सापडले. १९११ मध्ये हान्स फिशर ह्याने गुरांच्या पित्तखड्यापासून, म्हणजे आपल्याकडे ज्यास गोरोचन म्हणतात त्या पदार्थापासून, एक अम्ल वेगळे केले. दगड व पित्त ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास 'लिथोकॉलिक' हे नाव मिळाले. पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनाबद्दल हाइनरिक वीलान्ट ह्यास १९२७ चे नोबेल पारितोषिक लाभले. तथापि त्या वेळी मान्य झालेली रचना सदोष होती व १९३२ मध्ये ती दुरुस्त करावी लागली.

ह्यानंतर लवकरच पित्ताम्लांवर संशयाची छाया पडली. १९३३ मध्ये वीलान्ट व डाने ह्यांनी डीऑक्सिकॉलिक अम्लापासून प्रयोगशाळेत मेथिलकोलॅन्थ्रीन हे द्रव्य सिद्ध केले. हे द्रव्य तीव्र कर्ककारक ठरले. १९४० मध्ये कुक व केनवे दांपत्य ह्यांनी खुद्द डीऑक्सिकॉलिक अम्लाने उंदरांत अर्बुदे उत्पन्न झाल्याचे प्रसिद्ध केले. शरीर स्वतःच्याच पित्तातून आपला शत्रू निर्माण करते काय, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला.

ह्या प्रश्नास कलाटणी मिळाली ती स्वीडनमध्ये. १९५७ मध्ये गुस्ताफसन, बेरिस्ट्रॉम, लिंडस्टेड्ट व नॉर्मन ह्यांनी पूर्णतः जीवाणुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांस किरणोत्सारी कार्बनाची खूण केलेले कॉलिक अम्ल दिले. ह्या उंदरांच्या विष्ठेत कॉलिक अम्लाचे मूळ स्वरूप टिकून राहिले. त्यांच्या आतड्यात जीवाणूंचा शिरकाव होताच मात्र निरनिराळी रूपांतरित अम्ले दिसू लागली. तात्पर्य, यकृत कॉलिक व कीनोडीऑक्सिकॉलिक ही प्राथमिक अम्ले निर्माण करते. त्यांपासून अनुक्रमे डीऑक्सिकॉलिक व लिथोकॉलिक ही दुय्यम अम्ले घडविणारे कारागीर जीवाणू होत.

ही घडण दोन टप्प्यांत होते. मनुष्याचे यकृत दररोज सुमारे अर्धा ग्रॅम पित्ताम्ल नव्याने तयार करते. आतड्यात उतरलेल्या अम्लांपैकी सुमारे ९५ टक्के अम्ले लहान आतड्याच्या अखेरच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. उरलेला अल्प अंश मोठ्या आतड्यात जातो. तेथे प्रथम अनेक जातींचे जीवाणू ग्लायसीन अथवा टॉरीन तोडून अम्ल मोकळे करतात. दुसरा टप्पा, म्हणजे सातव्या कार्बनावरील हायड्रॉक्सिल गट काढून टाकणे, हे मात्र मोजक्याच जातींचे काम आहे. त्यांपैकी क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स ही जात विशेष अभ्यासिली गेली. अमेरिकेत हायलेमन व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या क्रियेची जनुके उलगडली. ह्या क्रियेस आतड्यातील आम्लता प्रतिकूल असते. सामू सुमारे साडेसहाच्या खाली उतरला की ती मंदावते. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

युरोपातील प्रयोगशाळांत हे चालू असताना मुंबईत निराळ्या प्रकारचे साधन सिद्ध होत होते. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. परंतु तेथे देशभरातून रुग्ण येत असल्यामुळे त्यांची संख्या कोणत्या लोकसंख्येतून आली हे सांगता येत नसे. भाज्य आहे, पण भाजक नाही, अशी ही स्थिती होती. डॉ. दाराब जस्सावाला ह्यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग-नोंदवही स्थापिली. तिने बृहन्मुंबईच्या रहिवाशांपुरतीच गणना मर्यादित ठेवून ही उणीव दूर केली. बृहन्मुंबईची हद्द तत्पूर्वीच विस्तारली होती. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड ही उपनगरे नगरपालिकेच्या क्षेत्रात आली होती. १९६१ च्या जनगणनेप्रमाणे ह्या क्षेत्रात सुमारे ४१ लक्ष ५२ हजार लोक राहत होते. कोकण, देश, गुजरात व दक्षिण भारत येथून आलेली कुटुंबे आपापल्या स्वयंपाकाच्या रीती घेऊन एकाच नगरात वसलेली असल्यामुळे आहारभेदाच्या अभ्यासास इतके अनुकूल क्षेत्र क्वचितच आढळेल.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथे फारच अल्प असल्याचे ह्या नोंदींतून दिसले. १९७१ मध्ये लंडनच्या मायकेल हिल व सहकाऱ्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका ह्या अधिक प्रमाणाच्या देशांतील लोकांची विष्ठा युगांडा, जपान व भारत येथील लोकांच्या विष्ठेशी ताडून पाहिली. पहिल्या गटात पित्ताम्ले अधिक व त्यांची रूपांतरेही अधिक आढळली. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून मुंबईस कार्य केलेल्या डॉ. एस. एल. मल्होत्रा ह्यांनी ह्या प्रश्नाचा विचार भारतांतर्गत भेदांच्या आधारे केला. १९७७ च्या निबंधात त्यांनी कर्करोगाच्या नोंदींचा संबंध लाळ, दूध, आंबविलेले दुग्धपदार्थ व वनस्पतिज तंतू ह्यांच्याशी जोडला. १९८२ मध्ये भिन्न प्रमाणाच्या समूहांतील विष्ठेचा सामू तपासला. तंतुमय अन्न मोठ्या आतड्यात आंबते, त्यामुळे आम्लता वाढते, आणि आम्लतेमुळे दुय्यम पित्ताम्लांची निर्मिती रोडावते, अशी ही साखळी जुळते. ज्या 'अम्ला'ला लोकभाषा पित्ताचा दोष समजते, तेच आतड्याच्या खालच्या भागात रक्षक ठरावे, हा अर्थविपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे.

तथापि ह्या साखळीची प्रत्येक कडी सारखी बळकट नाही. रुग्ण व निरोगी व्यक्ती ह्यांच्या विष्ठेची तुलना करणाऱ्या पुढील अभ्यासांतून हिल ह्यांचा निष्कर्ष सर्वत्र पुष्ट झाला नाही. दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कर्करोग-नोंद कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नोंदपत्रकात धर्म व मातृभाषा ह्यांसाठी रकाने ठेवण्यात आले. मातृभाषा ही प्रदेशाची व पर्यायाने आहाराची खूण मानण्यात तथ्य आहे. परंतु भाषेची सीमा ही धान्याची सीमा नव्हे. भात-मासळीवर वाढलेला रत्नागिरीचा आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला सोलापूरचा, असे दोघेही 'मराठी' ह्या एकाच रकान्यात पडतात. शिवाय अंधेरीत वाढलेल्या दुसऱ्या पिढीची मातृभाषा तीच राहते, पण ताट बदललेले असते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी येथील ग्रामीण नोंदवहीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईहून कमी दिसते. दोन्हीकडे मराठी भाषकांचा भरणा मोठा असल्यामुळे ह्या भेदाचे कारण भाषेच्या रकान्यात सापडणे शक्य नाही.

ताट बदलले की जीवाणूंचे कार्य किती त्वरेने बदलते, हे २०१५ मध्ये ओकीफ व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दाखविले. २० आफ्रिकी-अमेरिकी व २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींचे आहार केवळ दोन आठवडे परस्परांत बदलले असता, तंतुयुक्त आहार मिळालेल्यांत दुय्यम पित्ताम्ले घटली व दुसऱ्या गटात वाढली. २०२० मध्ये तर जीवाणू पित्ताम्लांना फेनिलअॅलनीन, टायरोसीन व ल्यूसीन हीही अमिनो अम्ले जोडतात असे आढळले. म्हणजे १८४८ पासून यकृताचे मानलेले संयोगाचे कार्यही अंशतः जीवाणूंच्या वाट्यास आले.

ह्या इतिहासाचा निष्कर्ष संयमाने काढावयास हवा. दुय्यम पित्ताम्ले हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एकमेव कारण ठरलेले नाही, आणि त्यांतील काहींची शरीरास उपयुक्त कार्येही आता ज्ञात आहेत. परंतु एवढे निश्चित की, पित्त मनुष्याच्या प्रकृतीत जन्मतः ठरलेले असते ही जुनी समजूत पित्ताम्लांच्या बाबतीत टिकत नाही. बृहन्मुंबईच्या नोंदवहीने आधी भाजक पुरविला; आता मातृभाषेच्या रकान्याशेजारी नित्याचे धान्य आणि नगरातील वास्तव्याची वर्षे हे दोन रकाने आले, तर उपनगरांतील बदलत्या ताटाचा परिणाम त्याच नोंदींतून वाचता येईल.