माहेर किती कोसांवर?

दिवाळीत लासूर स्टेशनवर घटकाभर उभे राहावे. गाडीतून माहेरवाशिणी उतरतात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पोर, आणि फाटकाशी वाट पाहणारा भाऊ. मनमाडहून निजामाच्या मुलखात जाणारा हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. ‘लेक इतक्या लांब का दिली?’ हा जुन्या बायकांचा प्रश्न मात्र त्याहून पुरातन. त्याचे एक उत्तर अर्थशास्त्राच्या वह्यांत सापडले, हे थोड्यांना ठाऊक असेल.

घराघरांचा हिशेब मांडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. जुनी दप्तरे चाळून त्यांनी दाखविले, की १७७१ साली खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर निभावणारी निघाली अवघी ८! पण माणसांची ही मोजणी एका वेळेची. अवर्षण आले की त्याच घरात काय घडते, ते पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यावर गेल्याखेरीज कळत नाही.

तसे जाणारे १९७५ मध्ये निघाले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोल्यातील कंझारा व किनखेडा आणि तेव्हाच्या आंध्रातील दोन गावे निवडली. प्रत्येक गावात ४० कुटुंबे, त्यांत भूमिहीन मजुरांचीही. पाहणी करणारा गावातच बिऱ्हाड करून राही. पेरले काय, विकले काय, उसने कुणाकडून आणले, हे वर्षानुवर्षे लिहिले गेले. १९८५ च्या सुमारास काम थांबले, २००१ मध्ये पुन्हा सुरू झाले.

या नोंदी घेऊन रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली एक निबंध लिहिला. ज्या घरांच्या सोयरिकी दूरच्या गावी, तिथे पीक बुडाले तरी खाण्यापिण्यात चढउतार कमी, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे: शेजारच्या गावावरही तोच ढग रुसतो, दूरच्या व्याह्याकडे कदाचित बरसलेला असतो. ज्याचे उत्पन्न बेभरवशाचे, तो सोयरीक अधिक लांब करी; धनवानाला त्याची तितकी निकड नसे. लग्न ठरविताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, मानपान पाहतात. पर्जन्यमान पाहिल्याचे कुणी उघड बोलत नाही!

याला विमा म्हणावे तर हप्ता भरला लेकीने. अनोळखी घर, बोलीत फरक, आणि आईच्या आजारपणाची वार्ता पोचायला चार दिवस. तिला कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

गंगापूर तालुका पावसाच्या बाबतीत कधीच निर्धास्त नव्हता. म्हणूनच की काय, स्टेशनबाहेर पिशवी हातात घेता घेता भाऊ आधी विचारतो, ‘तुमच्याकडं पाऊस कसा झाला?’ दाजींची खुशाली त्यानंतर.