खोटी चिप, खरा प्रोग्राम

स्मरणिका समितीने मला 'तुझ्या विषयावर काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं' अशी अट घातली. माझा विषय मायक्रोकंट्रोलर. वॉशिंग मशीन, लिफ्ट, विजेचं मीटर, एसटीतलं तिकिटाचं यंत्र यांच्या पोटात बसून हुकूम सोडणारी ती छोटी चिप. तिचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला लिहायचं आहे ते चिप हातात नसताना ती असल्याचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, म्हणजे सिम्युलेटरविषयी. त्याची सुरुवात माझ्यापुरती भाटघरला होते.

आठवीत विज्ञानाच्या सरांनी आपल्याला धरणावर नेलं होतं. १९२७ साली पुरं झालेलं लॉइड धरण, आजचा येसाजी कंक जलाशय. 'पंचेचाळीस दरवाजे आपोआप उघडतात, कोणी बटण दाबत नाही, पाण्याची पातळी हाच हुकूम', असं सर म्हणाले आणि कोणाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पावडरचा डबा, थर्माकोलचा तुकडा, दोरी आणि खिळ्यांचं वजन घेऊन तो दरवाजा करून दाखवला. डबा भरला, थर्माकोल वर आला, पुठ्ठ्याची फळी उघडली. खऱ्या धरणापाशी न पटलेलं डब्यापाशी पटलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं सिम्युलेशन.

तसं पाहिलं तर आपल्या जिल्ह्यात हा धंदा जुनाच. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनासाठी एक विशेष विभाग काढला. त्याचंच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालं. तिथे नद्या, बंदरं, धरणांचे सांडवे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडतात. शंभरपट लहान प्रतिकृतीत काळही दसपट आखडतो, म्हणजे दहा तासांचा पूर एका तासात वाहून जातो. पाणी मात्र तेच राहतं. त्याचा चिकटपणा, थेंब धरून ठेवण्याची ओढ शंभरपट कमी होत नाही. म्हणून प्रतिकृतीत काय खरं उतरत नाही, याचा हिशोब आधी मांडावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, माझी फजिती पुढे याच मुद्द्यावर झाली.

आता चिपकडे. इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप, ४००४, १९७१ साली आली आणि पुढल्या वर्षी ८००८. चिप नवी, महाग, आणि तिच्यावर लिहिलेला प्रोग्राम चुकला तर आत काय घडलं हे पाहायला खिडकी नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे नौदलाच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या गॅरी किल्डॉल यांनी इंटेलसाठी ८००८ची नक्कल फोरट्रान भाषेत लिहिली. म्हणजे खोलीभर पसरलेला मोठा संगणक नखाएवढ्या चिपचं सोंग घेऊन बसला. हत्तीने मुंगीची नक्कल करावी तसं.

त्याच सुमारास पॉल ॲलन यांनी वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या आयबीएम संगणकावर ८००८चा सिम्युलेटर लिहिला. रस्त्यावरची वाहनं मोजणाऱ्या एका यंत्रासाठी तो हवा होता. १९७५च्या जानेवारीत अल्टेअर या ८०८० चिपवरच्या संगणकाची बातमी मासिकात छापून आली. ॲलन आणि बिल गेट्स यांनी तो संगणक पाहिलेलाही नव्हता. ॲलननी हार्वर्डच्या पीडीपी-१० यंत्रावर ८०८०चा सिम्युलेटर उभा केला आणि त्याच्या भरवशावर दोघांनी बेसिक भाषा लिहिली. ती कागदी पट्टीवर छिद्रं पाडून ॲलन अल्बुकर्कीला निघाले आणि विमान उतरायला लागल्यावर त्यांना आठवलं, पट्टी वाचून आत घेणारा छोटा प्रोग्राम लिहायचाच राहिला! तो त्यांनी तिथेच कागदावर लिहिला. खऱ्या यंत्राला दोन अधिक दोन विचारल्यावर उत्तर चार आलं. पुढच्या मायक्रोसॉफ्टचा पाया असा न पाहिलेल्या यंत्राच्या नकलेवर घातला गेला. मला या गोष्टीत गंमत वाटते ती विमानातल्या त्या तुकड्याची. सगळ्याची रंगीत तालीम झाली होती, फक्त त्याची नाही.

सिम्युलेटर आत करतो काय? जादू काही नाही. १९८० साली इंटेलची ८०५१ ही चिप आली. मी तिच्यावरच पोट भरलं, म्हणून उदाहरण तिचं. तिच्यात १२८ बाइट स्मृती आणि ४ किलोबाइट प्रोग्रामची जागा. सिम्युलेटर संगणकात तेवढ्याच चौकटींची एक वही आखतो. पहिल्या चौकटीत ७४ आणि पुढच्या चौकटीत ०५ दिसलं की कोष्टकात बघतो: ७४ म्हणजे 'पुढचा आकडा ए नावाच्या खणात ठेव'. ए मध्ये ५ लिहितो, बोट दोन घरं पुढे सरकवतो आणि एक यंत्रचक्र गेलं अशी नोंद करतो. मूळ चिपला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर हे चक्र एक मायक्रोसेकंदाचं. मग पुढचा हुकूम. बस्स. तलाठ्याने सातबाऱ्यावर फेरफार नोंदवत जावं तसं काम, फक्त सेकंदाला लाखो वेळा. फायदा असा की हवं तिथे थांबवून प्रत्येक खण उघडून पाहता येतो. खऱ्या चिपमध्ये ही सोय नाही.

आपण १९९३ला दहावी झालो आणि मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेलो. एका तुकडीत साठ मुलं आणि चालू अवस्थेतली सहा किट. दहाजणांच्या गर्दीत भोरहून रोज एसटीने उशिरा पोचणाऱ्या मुलाच्या बोटाला कळफलक लागेल ही आशा नव्हती. प्रोग्राम वहीत लिहायचा, त्याचे आकडे कोष्टकात शोधायचे आणि कोणीतरी दाबेल ते पाहायचं. चिपमधला प्रोग्राम बदलायचा तर तिच्या काचेच्या खिडकीवर वीसेक मिनिटं अतिनील प्रकाश टाकून आधीचा पुसावा लागे. एक चूक म्हणजे अर्धा तास. शेवटच्या वर्षी संगणक कक्षात एका मित्राने डॉसवर चालणारं एव्हीसिम५१ लावून दिलं. काळा पडदा, त्यावर ८०५१चे सगळे खण एकदम उघडे. त्या संध्याकाळी मी शेवटची एसटी चुकवली. सहा किटांच्या रांगेतून माझी सुटका झाली होती.

पुढे हे सॉफ्टवेअर वाढत गेलं. काइलचं आलं, फुकटच्या आवृत्तीत २ किलोबाइटची मर्यादा, पण शिकायला पुरेसं. इंग्लंडच्या लॅबसेंटरचं प्रोटिअस आलं, त्यात चिपबरोबर भोवतालचे दिवे, मोटारी, डिस्प्लेही पडद्यावर चालू लागले. आपल्याकडे श्रीधर रत्नकुमार यांनी ८०८५साठी जीएनयूसिम८०८५ सुरू केलं, तेही मुक्त आणि मोफत. केंद्र सरकारच्या आभासी प्रयोगशाळांच्या प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी आले. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाने सर्किटांसाठी ई-सिम दिलं. आता तर ब्राउझरमध्येच आर्डुइनो उघडतो, काही बसवावं लागत नाही.

आता फजिती. २००३ साली मी घरच्या विहिरीवरच्या पंपासाठी स्वयंचलित नियंत्रक केला. गच्चीवरच्या टाकीत एक तार सोडली. पाणी तिला लागलं की मोटार बंद, सुटलं की चालू. प्रोग्राम आठवडाभर सिम्युलेटरवर घोळवला, एकही चूक नाही. तपकीर गल्लीतून सामान आणलं, दिवाळीत बसवलं, वडिलांनी नारळ फोडला. टाकी भरत आली आणि स्टार्टर टकटकटक वाजायला लागला. वरून पडणाऱ्या धारेने टाकीत लाटा उठत होत्या, पाणी तारेला लागत होतं, सुटत होतं, आणि माझी इमानी चिप प्रत्येक लाटेला मोटार चालू-बंद करत होती. धावत जाऊन फ्यूज काढेपर्यंत स्टार्टरची कॉइल जळली. सिम्युलेटरवर मी तारेच्या जागी एक बटण काढलं होतं आणि ते माउसने दाबून पाहिलं होतं. माउसने लाटा येत नाहीत. वडील एवढंच म्हणाले, 'धरणाच्या गावचा ना तू?' नंतर मी दुसरी तार फूटभर खाली सोडली. वरची भिजली की बंद, खालची कोरडी पडली तरच चालू. मधल्या फूटभरात पाण्याने वाटेल तो दंगा करावा.

२०२०च्या टाळेबंदीत माझी पुतणी डिप्लोमाला होती. कॉलेज बंद, मायक्रोकंट्रोलरची प्रात्यक्षिकं सगळी पडद्यावर. ती गच्चीच्या कठड्यापाशी, जिथे नेटवर्कच्या दोन काड्या येत, तिथे मोबाइल टेकवून प्रोग्राम चालवायची. मला जे तीन वर्षांत मिळालं नाही ते तिने तीन महिन्यांत केलं, साठातली एक म्हणून नव्हे, एकटीने. पुढे नोकरीत पहिल्या आठवड्यात तिने खरी चिप उलटी बसवली आणि बोट भाजून घेतलं. पडद्यावरची चिप कधी गरम झाली नव्हती. माझ्याकडे चिप होती आणि तालीम नव्हती, तिच्याकडे तालीम होती आणि चिप नव्हती. दोन्हीत निवडायचंच झालं तर मी तिची बाजू घेईन. भाजलेलं बोट आठवड्यात बरं होतं.

मेळाव्याच्या दिवशी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत संगणकावर सिम्युलेटर चालू ठेवणार आहे, शेजारी तो जुना नियंत्रक, जळक्या कॉइलसकट. सर, तुमचा पावडरचा डबा अजून असेल तर तोही घेऊन या. टेबलावर त्याच्यासाठी जागा धरून ठेवली आहे.