चित्रं नसलेलं गोष्टींचं पुस्तक

हिमगौरी आणि सात बुटके म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी चित्र येतं, शब्द नंतर. गंमत म्हणजे ग्रिमबंधूंच्या ज्या पुस्तकातून ही गोष्ट जगभर पोचली, त्याच्या पहिल्या आवृत्तीत एकही चित्र नव्हतं!

डिसेंबर १८१२, बर्लिन. पहिल्या खंडात ८६ गोष्टी, प्रती फक्त ९००. नावात 'मुलं' होती खरी, पण आत अभ्यासकांसाठी टिपाच टिपा. याकोब आणि विल्हेल्म यांना लोकांच्या तोंडी असलेल्या या गोष्टी विसरल्या जायच्या आत कागदावर उतरवायच्या होत्या. त्यात खाटीक-खाटीक खेळताना एक मूल दुसऱ्याचा जीव घेतं, अशीही गोष्ट होती. आता ही रात्री कुठल्या पोराला सांगणार? तक्रारी आल्याच. १८१९ च्या आवृत्तीतून ती गोष्ट गेली, आणि हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आई 'सावत्र' झाली.

खरी कलाटणी मिळाली लंडनमधून. १८२३ मध्ये एडगर टेलर नावाच्या वकिलाने निवडक गोष्टींचं इंग्रजी भाषांतर काढलं. चित्रं होती जॉर्ज क्रूकशँकची, म्हणजे राजकारण्यांची टर उडवणाऱ्या व्यंगचित्रकाराची. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, त्या आम्लाने कोरायच्या, मग वेगळ्या यंत्रावर छापून ती पानं पुस्तकात बांधायची. काम किचकट आणि खर्चिक, पण पुस्तक हातोहात खपलं.

ते बघून ग्रिमबंधूंनी १८२५ च्या नाताळसाठी छोटी, स्वस्त आवृत्ती काढली. गोष्टी ५०, टिपा शून्य, आणि धाकटा भाऊ लुडविग एमिल याची ७ चित्रं. १८५८ पर्यंत तिच्या १० आवृत्त्या निघाल्या. गोष्टी घरोघरी गेल्या त्या प्रामुख्याने या छोट्या पुस्तकामुळे.

आमच्या भाषेत सांगायचं तर युजर कोण हे आधी नीट ठरलंच नव्हतं. ठरल्यावर प्रॉडक्ट चाललं, पण किंमत मोजावी लागली. ज्या गोष्टी जशाच्या तशा जपायच्या होत्या, त्या बदलल्या म्हणूनच टिकल्या. मला यात दोघांना दोष द्यावासा वाटत नाही. न बदललेली गोष्ट कपाटात पडून राहिली असती, तर ती नेमकी कोणासाठी जपली असती?

असो. ती पहिली आवृत्ती अखेर २०१४ मध्ये जॅक झाइप्स यांनी संपूर्ण इंग्रजीत आणली. खाटकाच्या गोष्टीसकट, सख्ख्या आईसकट.

आणि हो, या वेळी चित्रं आहेत.